श्रीमंतांचा गोठा

झेरमाटमध्ये पेट्रोलच्या गाड्यांना बंदी. खालच्या टेश गावात गाडी ठेवायची, रेल्वेने वर यायचं आणि पुढं विजेची डबडी टॅक्सी. भाचा स्वित्झर्लंडमध्ये इंटिरियरचं काम करतो. पाहुणे यायच्या आत एक आलिशान शॅले, म्हणजे डोंगरातलं भाड्याचं लाकडी घर, दाखवतो, म्हणाला. बरोबर सुमनमावशी.

पहिली खोली फक्त बुटांची. स्कीचे ओले बूट खुंट्यांवर उलटे अडकवायचे, खुंट्यांतून गरम हवा येते.

"बुटांची एवढी बडदास्त! आणि आपल्या लॉजवर गरम पाणी नऊला बंद," मावशी म्हणाली.

दिवाणखान्याच्या भिंतीला लार्चच्या जुन्या फळ्या. वर्षानुवर्षं उन्हात करपून काळ्या पडलेल्या, खिळ्यांच्या खुणा, किड्यांची नक्षी.

"जुने गोठे, कोठारं उतरवून हे लाकूड आणतात," भाचा गाभाऱ्यात असल्यासारखा कुजबुजला. "नव्यापेक्षा महाग."

"अरे, पण कीड लागलीये!"

"कीड भट्टीत तापवून मारतात, आजी. भोकं तेवढी जपतात."

खुर्चीवर गाईचं कातडं, बाकावर मेंढीचं, डोक्यावर सांबरशिंगांचं झुंबर. मावशी उभीच राहिली.

स्वयंपाकघरात कपाटाला मूठ म्हणून नाही. सपाट लाकडी भिंत. दाबली की उघडते. फ्रिज शोधताना मावशीने डिशवॉशर उघडला, कचऱ्याचा डबा उघडला, शेवटी झाडू सापडला तेव्हा कुठं तिला जरा बरं वाटलं.

बाथटब थेट पलंगाशेजारी, अख्ख्या भिंतीएवढ्या काचेसमोर. काचेपलीकडे 4,478 मीटर उंचीचा मॅटरहॉर्न.

"पडदा कुठाय?"

"आजी, समोर नुसता डोंगर आहे. बघणार कोण?"

"तूच म्हणालास ना, 1865 पासून लोक चढताहेत म्हणून!"

भाच्याने तिथंच सहल आवरली आणि आम्हाला हिंटरडोर्फ या जुन्या वस्तीत नेलं. तिथं तीच काळी लाकडं, पण अजून जागच्या जागी. धान्याची कोठारं खांबांवर उभी. खांब आणि कोठार यांच्यामध्ये जात्याच्या तळीएवढी गोल दगडी चकती. उंदीर खांब चढतो, पण चकतीच्या कडेवरून उलटं लटकून पुढं जाणं त्याला जमत नाही.

मावशीने चकतीवरून हात फिरवला. मग भाच्याला शॅलेचं आठवड्याचं भाडं विचारलं. त्याने सांगितलं. तिने मनातल्या मनात रुपये केले.

"म्हणजे तिथंही चकती आहेच," ती म्हणाली. "फक्त उंदीर आपण."