भाऊंना यंदा गाडी टाकायचीय

नगर-पुणे रस्त्यावर सुप्याच्या चौकात एक गृहस्थ नोटाबंदीच्या आधीपासून गाडी टाकतायत. गाडी म्हणजे मालाची. नाव काहीही असो, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. असेच एक भाऊ घोडेगावच्या कांदा मार्केटबाहेर असतात, एक संगमनेरच्या स्टँडमागे आणि एक राहात्याला डाळिंबाच्या लिलावात. जिल्ह्यात चौदा तालुके आहेत आणि भाऊ नसलेला तालुका माझ्या पाहण्यात नाही. सुप्याचे भाऊ मात्र अभ्यासू आहेत. बाकीचे नुसतेच बोलतात, हे खिशातून कॅल्क्युलेटर काढतात.

धंदा कोणता करायचा याबद्दल भाऊंच्या मनात शंका नाही. अर्जंट माल. विटा, वाळू, सिमेंट असली भाडी मारणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ‘‘वजनाला पैसे कोण देतंय? पैसे घड्याळाला असतात,’’ हा त्यांचा सिद्धान्त. आणि तो खरा आहे, हीच अडचण आहे. सुप्याच्या एमआयडीसीतून जाणारा एखादा सुटा भाग चाकणला वेळेवर पोचला नाही तर तिकडची लाइन उभी राहते. मग मॅनेजर भाडं किती म्हणून घासाघीस करत नाही, ‘‘किती वाजता पोचेल?’’ एवढंच विचारतो. अख्ख्या हौद्यात एक खोकं ठेवून गाडी सुटते. पारनेरच्या वाटाण्याचंही तेच. गोण्या भरल्या की वाटाणा आतल्या आत तापायला लागतो, हात घातला तर ऊब लागते, आणि पहाटेच्या आत वाशीला पोचला नाही तर शेंगा पिवळ्या पडून भाव पडतो. अकोळनेरच्या झेंडूला तर दसऱ्याच्या आदल्या रात्रीपर्यंतच मोल. दसऱ्याच्या दुपारी कल्याणला पोचलेला झेंडू उतरवून घ्यायला हमालसुद्धा येत नाही.

मग गाडी कोणती? इथे भाऊ दुसरा चहा सांगतात. पैसे अर्थातच ऐकणाऱ्याने द्यायचे.

छोटा हत्ती 2005 साली आला तेव्हापासून भाऊंच्या नजरेत आहे. पाऊण टन माल, हप्ता झेपणारा, बोळात वळते. ‘‘पण राव, वाशीला पहाटे पोचायचं तर हिला दुपारीच काढायला लागंल. मग अर्जंट कशाचं?’’ बोलेरो पिकअप सतराशे किलोंची. वीस किलोंचं कॅरेट धरलं तर पंच्याऐंशी कॅरेट टोमॅटो कायद्यात बसतो. ‘‘पण शेतकरी शंभराच्या खाली ऐकत न्हाई, आन् ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू.’’ चारशेसात म्हणजे 1986 पासूनचं दणकट काम, पण खोकंभर स्पेअर पार्टसाठी ती काढली तर भाडं डिझेलमध्येच जातं. चौदा फुटी आयशरबद्दल ते आदराने बोलतात, परस्त्रीबद्दल बोलावं तसे. लहान गाडीला फोन फार, पैसे कमी. मोठीला पैसे बरे, पण फोन यायला आठवडा लागतो आणि हप्त्याची तारीख कुणाच्या फोनसाठी थांबत नाही. तात्पर्य, भाऊंना हवी आहे हत्तीचं डिझेल खाणारी, पिकअपसारखी पळणारी, चारशेसातच्या पाट्यांची आणि आयशरच्या हौद्याची गाडी. ती अजून कुठल्याही कंपनीने काढलेली नाही. भाऊ त्यांना वेळ देतायत.

परतीच्या भाड्याचा विषय निघाला की मात्र भाऊ गंभीर होतात. जाताना घड्याळाचे पैसे मिळतात, येताना गाडी रिकामी. वाशीहून रिकामी कॅरेटं आणली तर निदान माळशेजचा चढ तरी सुटतो, पण त्यासाठी तिथे दुपारपर्यंत थांबावं लागतं आणि तेवढ्यात सुप्याहून चाकणचा फोन येऊन जातो. शिवाय डिझेल रोख, कंपनीचं बिल महिना-दोन महिन्यांनी. हा सगळा हिशेब भाऊ साखरेच्या पुडीच्या कागदावर मांडतात आणि तो चुकत नाही. ज्यांना हा हिशेब येत नाही त्यांनी कधीच गाड्या घेतल्या. काहींच्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या, बाकीच्यांनी बंगले बांधले.

थांबायला कारणंही भाऊंना सरकारच पुरवत आलं आहे. नोटाबंदी झाली, थांबा म्हणाले. 2017 ला जीएसटी आला, किमती उतरतील म्हणाले. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आलं, तेव्हा ‘‘आधी दुसऱ्यांना चालवू द्या’’ म्हणाले. 2022 ला छोटा हत्ती विजेवर आला, तेव्हा डिझेलचं युग संपलं असं जाहीर करून टाकलं. सप्टेंबर 2025 मध्ये मालाच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्या दिवशी भाऊंचा चेहरा बघण्यासारखा होता. ‘‘सांगत होतो का न्हाई? घाई केली असती तर फसलो असतो. अजून उतरंल.’’

घरच्यांची अडचण वेगळीच. धाकट्या भावाचं लग्न ठरायचंय आणि आपल्याकडे मुलीचा बाप दारातल्या गाडीची पाटी बघतो. पांढऱ्या पाटीची जीप हप्त्यावर, टाकीत डिझेल नाही, तरी मुलगा बागायतदार. पिवळ्या पाटीची गाडी रोखीने घेतलेली, रोज चार पैसे आणणारी, तरी मुलगा ड्रायव्हर. त्यामुळे आईचं म्हणणं, लग्न होईस्तोवर पिवळी पाटी दारात नको.

जुनी गाडी पाहायला मात्र भाऊंना न्यावंच. एकदा केडगावला मी त्यांच्याबरोबर होतो. मालकाने इंजिन चालू केलं. भाऊंनी ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला, किती धूर येतो ते पाहिलं आणि काहीच न बोलता झाकण लावलं. त्या न बोलण्याने मालकाने तिथेच पाच हजार कमी केले. मग हौद्याच्या पत्र्यावर नाणं वाजवत गेले. जिथे आवाज बद्द आला तिथे नव्या रंगाखाली गंज. शेवटी हौद्यात वाकून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. ‘‘कोंबड्या वाहिल्यात. फुलवाला भरणार न्हाई.’’ मालक म्हणाला, धुऊन देतो. भाऊ म्हणाले, ‘‘वास पत्र्यातनं जाईल, हमालाच्या तोंडातनं जाणार न्हाई.’’

त्यांच्या सल्ल्याने घेतलेल्या गाड्या या पट्ट्यात बऱ्याच पळतात, हे मान्य करायला हवं. कागदपत्रंही त्यांना तोंडपाठ. माल धरून एकूण वजन 3,000 किलोंच्या आत असेल तर परमिट लागत नाही. नव्या गाडीचं पहिलं फिटनेस दोन वर्षांचं. साडेसात टनांपर्यंत मोटारीच्याच लायसन्सवर मालाची गाडी चालवता येते, असं नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तेव्हा भाऊंनी टपरीवर स्वतःच्या पैशाने पेढे वाटले. त्याच गर्दीत त्यांचं लायसन्स कुणीतरी मागून बघितलं. मोटारसायकलचं होतं.

गेल्या हिवाळ्यात वाडीतल्या एका पोराने भाऊंच्या सांगण्यावरून पिकअप घेतली. शनिवार टाळून, शुक्रवारी. पहिल्याच आठवड्यात वाटाण्याचं भाडं लागलं आणि रात्री माळशेज उतरायचा म्हणून पोराने भाऊंनाच शेजारी बसवलं. भाऊ आळेफाट्यापर्यंत गिअर कधी टाकायचा ते सांगत होते, घाटात देवाचं नाव घेत होते आणि मुरबाडच्या पुढे झोपले. गाडी वेळेत पोचली, भाव चांगला मिळाला, वर रिकाम्या कॅरेटांचं परतीचं भाडंही भाऊंनीच वाद घालून मिळवून दिलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर आम्ही सगळ्यांनी विचारलं, मग भाऊ, आता तरी हीच गाडी ना? भाऊंनी कमरेवर हात ठेवून जरा वाकून बघितलं.

‘‘गाडी एक नंबर,’’ म्हणाले, ‘‘पण सीट कडक हाय. पुढचं मॉडेल येऊ द्या.’’