तीस नंबरची दाढ

संध्याकाळी साडेसहाला मगरपट्ट्याच्या गेटातून सगळं हडपसर घराकडे सुटलेलं असतं, तेव्हा उलट्या दिशेने आत घुसणारा तो गळ्यात आयकार्डवाला तरुण म्हणजे आमचे ‘डॉक्टर’. शिक्षण बी.कॉम. पदवी सोसायटीने दिली, कारण आई येईल-जाईल त्याला सांगते, "आमचा अमेरिकेतल्या दातांचं बघतो."

खरं म्हणजे तो दात बघत नाही, बिलं बघतो. ओहायोतल्या कुण्या आजोबांनी ब्रिज बसवला की त्याचा क्लेम इन्शुरन्स कंपनीकडे बिनचूक जावा म्हणून हा रात्रभर जागतो. असे बरेच आहेत आपल्याकडे. बोलताना ते तुमच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, ओठांच्या आत बघतात.

माणसाला नाव असतं हे तो विसरलाय. खालची उजवी पहिली मोठी दाढ अमेरिकेत ३० नंबर, आपल्या डेंटिस्टकडे ४६. पडलेली दाढ एक, पण बिलावर ओळी तीन: मधला खोटा दात, म्हणजे पाँटिक, आणि घासून टोप्या घातलेले दोन्हीकडचे शेजारी. सगळं सिरॅमिकचं असेल तर पाँटिकला डी६२४५ आणि शेजाऱ्यांना डी६७४०. एखाद्या नव्या पोराने शेजाऱ्यांना डी२७४०, म्हणजे सुट्या टोपीचा कोड लावला, की हा खुर्चीतून उठतो. "अरे, टोपी तशीच दिसते रे, पण ती संसारात अडकलीय! सडाफटिंग कशी दाखवतोस?"

कोडपेक्षा तो तारखांना जास्त जपतो. दाढ काढली कधी? पॉलिसी घेण्याआधी काढलेली असेल तर कित्येक योजना पैसेच देत नाहीत. जुना ब्रिज कधीचा? पाच वर्षं व्हायची असतील तर बसा. एक्स-रे जोडला का? आणि डिसेंबर आला की याचा खरा मोसम. वर्षाची मर्यादा बहुधा हजार ते दोन हजार डॉलर, न वापरलेली ३१ तारखेला बुडते. मग तिकडच्या दवाखान्यातून लाडीगोडी सुरू होते: दात डिसेंबरात घासलेत, ब्रिज जानेवारीत चिकटेल, पण तारीख याच वर्षाची घाला ना. त्या कंपनीचा नियम चिकटवल्याच्या दिवसाचा असतो. लक्ष्मीपूजनाला सुट्टी न मिळालेला हा मुलगा पहाटे तीन वाजता शांतपणे म्हणतो, "सर, सिमेंट लागेल ती तारीख." असा बाणेदारपणा एरवी इतिहासाच्या पुस्तकात भेटतो.

त्याची सत्त्वपरीक्षा घेतली ती तळमजल्यावरच्या काकांनी. काकांची नेमकी ४६ नंबरचीच दाढ गेलेली.

"तू यातला ना? मेडिक्लेममध्ये बसव."

"काका, आपल्या साध्या मेडिक्लेममध्ये ब्रिज नसतो. अपघात झाला, ॲडमिट व्हावं लागलं, तरच दाताचं धरतात. नाहीतर ओपीडीचं वेगळं कव्हर लागतं."

"मग लिही, बाथरूममध्ये पडलो."

"पडलात?"

"पडलो की. २००९ साली."

"काका, हा फ्रॉड आहे."

"वीस वर्षं हप्ते भरतोय, तो काय आहे?"

याला उत्तर नव्हतं. ते कोणत्याच कोडमध्ये नाही. काकूंनी मध्ये पडून पोहे पुढे केले. काकांनी एफडीला हात न लावता, पेन्शनमधून दोन हप्त्यांत ब्रिज बसवला. झिर्कोनियाचा, तीन युनिट.

सोबत म्हणून आमचे डॉक्टर गेले होते, रात्रीची झोप तशीच बाकी ठेवून. पैसे यूपीआयने गेले. डेंटिस्टने पॅडवर एक ओळ खरडली, ‘ब्रिज’, खाली रक्कम, सही, आणि कागद दिला. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"मॅडम, यावर दातांचे नंबर नाहीत. पाँटिक वेगळा दाखवा, दोन टोप्या वेगळ्या. आणि ही आजची तारीख बिलाची आहे, बसवला मंगळवारी."

"क्लेम करायचाय का?"

"नाही."

"मग कुणाला द्यायचंय?"

"कुणालाच नाही."

मॅडमनी काकांकडे बघितलं. काका नवा ब्रिज दाखवत हसले, "लिहून टाका हो. नाहीतर तो झोपायचा नाही."