बाराव्या गड्याचं नाव सांगा!

कबड्डीचा हंगाम जवळ आला की नगर जिल्ह्यात आशेचं पीक पावसाची वाट बघत नाही. पहिली चढाई व्हायच्या आत करंडकावर सगळ्यांचं एकमत झालेलं असतं.

एकमताला कारणही तसंच. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत त्याच्या पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून प्रो कबड्डी जिंकली. त्याच महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा थेट नगरच्या वाडिया पार्कवर. मग जिल्ह्याने पाय जमिनीवर ठेवायचे तरी कशाला?

ठेवायला हवे होते.

कारण त्या विजेतेपदाचा हिशेब कुणी नीट वाचलाच नाही. त्या हंगामात सर्वाधिक चढाईगुण दिल्लीच्या आशू मलिकचे होते, 276. करंडक मात्र पुण्याला! साखळीतल्या 22 सामन्यांपैकी पलटणने 17 जिंकले, ते एकट्या अस्लमच्या मांड्यांवर नाही. तो बाहेर बसला तर मोहित गोयत, तो थकला तर पंकज मोहिते, शिवाय आकाश शिंदे. चढाईला जायला माणसांची रांग. मागे पकडीला शादलू, अबिनेश, गौरव खत्री, संकेत सावंत. असा संघ हरवायचा तर विशेष प्रयत्न करावे लागतात.

पुढच्या हंगामात ते झाले.

लिलावात इराणचा शादलू 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला. चाहते म्हणाले, जाऊ द्या, आपली बेंच केवढी! 19 ऑक्टोबर 2024 ला पहिल्याच सामन्यात पलटणने त्याच हरियाणाला 35-25 असं लोळवलं. झालं! पहिला सामना जिंकला की आपल्याकडे उरलेले एकवीस म्हणजे निव्वळ औपचारिकता.

मग अस्लमचा गुडघा गेला. कबड्डीत बाद झालेला गडी समोरचा गडी बाद झाला की परत आत येतो. गुडघ्याला ही सवलत नाही.

पलटण पहिल्या सहांतही आली नाही. 29 डिसेंबरला अंतिम सामना झाला कुठे? पुण्यात, बालेवाडीत. पुणेकर तिकीट काढून आले आणि पाहुण्यांचं लग्न लावून गेले. करंडक कुणाला? ज्यांना दहा गुणांनी लोळवलं होतं, त्यांनाच. शादलूसकट.

तर बेंच म्हणजे नक्की काय? मॅटवर सात, बाहेर पाच. चाहत्याला सात तोंडपाठ असतात. बाहेरच्या पाचांतले दोन सांगितले तरी तो जाणकार. बारावा कोण, हे बहुधा त्याच्या आईलाच माहीत.

आणि फक्त प्रो कबड्डीला का बोल लावता? आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बघा. कागदावर बारा नावं, त्यात आठ रेडर. उरलेल्या चौघांना पकडीला घेतलंय, कारण त्यांना नाही म्हणता आलं नाही. पोरांना तरी दोष कसा द्यायचा? रील चढाईची चालते. डाव्या कोपऱ्यात गुडघे वाकवून तीस सेकंद नुसतं उभं राहिलेल्याची रील कोण बघणार?

मुख्य रेडर पाचव्या मिनिटाला घोटा धरून बसतो. सगळ्यांच्या माना बेंचकडे. तिथून उठतो तो आतापर्यंत सगळ्यांचे मोबाइल सांभाळणारा. मोबाइल कुणाकडे द्यायचे, यात अर्धं मिनिट जातं. नी-कॅप दुसऱ्याची, ती पहिल्याच चढाईत पोटरीवर. पाठीवरचा आकडा चिकटपट्टीचा, त्याचा एक पाय निघालेला. सर ओरडतात, ‘बोनस घे, बोनस!’ समोर पाच गडी उभे. पाच असताना बोनस मिळत नाही, हे त्याला ठाऊक आहे. सरांना तो आत्ता सांगू शकत नाही.

गावच्या स्पर्धांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. बेंच कमी पडते? फोन लावा. जर्सीवर नाव गावाचं, आतले गडी तीन तालुक्यांचे. जिंकले की मिरवणूक गावाची, हरले की ‘बाहेरचे होते हो ते’.

शिस्तीत तयारी करणारे नाहीतच असं नाही. 2025 च्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली. 31 ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीने 31-28 असं हरवलं. अवघे तीन गुण. तीन गुणांचं दुःख फार वाईट. तीस गुणांनी हरलं की माणूस निदान झोपतो तरी.

आता पुढच्या हंगामाचं भाकीत ऐकतोय. यंदा नक्की, म्हणे. विचारलं, डावा कोपरा दुखावला तर तिथे कोण?

‘ते बघतील ना कोच. तुम्ही आधी सांगा, अस्लम फिट आहे ना?’