फुकटाचं ऑफिस

गोंदियाजवळच्या आमच्या नागऱ्यात फुकट मिळणाऱ्या दोनच गोष्टींवर लोकांचा विश्वास आहे. एक महादेवाचं दर्शन आणि दुसरा शेजाऱ्याचा सल्ला. तिसरं काही फुकटात मिळतंय म्हटलं की माणूस दोन पावलं मागं सरकतो आणि खिशातला मोबाइल घट्ट धरतो. ओटीपीच्या दिवसांत ते शहाणपणाचंच आहे म्हणा. त्यामुळे अर्ज, अहवाल, हिशोब, पत्रिका हे सगळं ज्यात होतं ते लिबरऑफिस एक पैसाही न देता मिळतं, असं मी सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मंग गुर्जी, त्यायचं पोट कसं भरते?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तरासाठी जर्मनीपर्यंत जावं लागतं. १९८५ साली मार्को ब्योरीस नावाच्या एका शाळकरी वयाच्या पोराने 'स्टाररायटर' नावाचा लिहिण्याचा प्रोग्राम काढला. त्याचं वाढत वाढत 'स्टारऑफिस' झालं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ते विकत घेतलं. हजारो कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनीच घेणं स्वस्त पडलं, अशी त्या वेळची गोष्ट सांगतात. हा हिशोब गोंदियाच्या कुठल्याही राइस मिलवाल्याला दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागत नाही. सनने पुढच्याच वर्षी आतला कोड जगाला खुला केला आणि ओपनऑफिस जन्मलं. २०१० मध्ये खुद्द सनलाच ओरॅकलने विकत घेतलं, तेव्हा घरात कुरबुर झाली आणि राबणारी बरीच मंडळी वेगळी निघाली. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' जाहीर केलं. त्यांचं ते लिबरऑफिस. लोकांच्या देणग्या येतात, शिवाय मोठ्या संस्थांना पैसे घेऊन मदत करणाऱ्या कंपन्या आपण केलेल्या सुधारणा सगळ्यांच्या पदरात टाकतात. जुन्या घरातलं ओपनऑफिसही अजून मिळतं, पण तिथे काम फार संथ चालतं. नवं बसवायचं असेल तर लिबरऑफिसच घ्या.

एवढं ऐकून विचारणारा मान डोलावतो, घरी जातो आणि कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आणलेलं चोरीचं ऑफिस उघडतो. त्या ऑफिसच्या माथ्यावर परवाना नसल्याची लाल पट्टी कायम असते. ती पट्टी त्याला खटकत नाही. आमच्याकडे चोरीचं चालतं, फुकटाचं चालत नाही.

तरीही हळूहळू गावात लिबरऑफिस शिरलं, कारण चोरीच्या ऑफिसातून व्हायरसही शिरत होते. मग नवी तक्रार सुरू झाली, "गुर्जी, याच्यात बटनंच सापडत नाही." सापडतात. 'व्ह्यू'मध्ये 'युजर इंटरफेस' आहे, तिथे 'टॅब्ड' निवडलं की वरची पट्टी जवळपास सवयीची दिसू लागते. आणि एखादी आज्ञा सापडलीच नाही, तर 'हेल्प'मधल्या 'सर्च कमांड्स'मध्ये तिचं नाव टाकायचं. बायकोने ठेवलेली वस्तू शोधायला अशी सोय अजून निघालेली नाही.

पण खरा घोळ बटणांचा नाहीच. घोळ आहे स्पेसबारचा. कीबोर्डवर सगळ्यात लांब तीच, म्हणून सगळ्यात जास्त राबवायची तिलाच, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. शीर्षक मधोमध आणायचंय? स्पेसबार. सही उजवीकडे हवी? स्पेसबार. नवं पान हवंय? मग एंटर, एंटर, एंटर, खाली जमीन लागेपर्यंत. टंकलेखन यंत्र जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्याचं भूत आमच्या अंगठ्यात आहे.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस येतात आणि मंडईला रात्रीचं नाटक हवंच. अशाच एका मंडळाचं पत्रक एका पोट्ट्याने तयार केलं. डावीकडे भूमिका, उजवीकडे कलावंत, मधलं अंतर अर्थातच स्पेसबारने. दिसायला झकास. छपाईच्या आदल्या संध्याकाळी कळलं की नायिका बदलली, आणि नवीन नायिकेचं नाव जुनीच्या नावापेक्षा बरंच लांब निघालं. ते नाव टाकताच उजवी बाजू एकेक घर खाली घसरली. खलनायकासमोर नायिका आली, इन्स्पेक्टरसमोर खलनायक आणि आईच्या भूमिकेसमोर मंडपवाल्याचं नाव. मंडपवाल्याला ते फार आवडलं, बाकीच्यांना नाही.

ती फाइल माझ्याकडे आली तेव्हा मी फक्त कंट्रोल आणि एफ-१० दाबलं. असं केलं की न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. प्रत्येक स्पेसचा एक ठिपका, प्रत्येक टॅबचा एक बाण, प्रत्येक एंटरची एक खूण. धानाचा रोवणा नुकताच संपलेल्या बांधीसारखे पडद्यावर ओळीने ठिपकेच ठिपके. पोट्टा म्हणाला, "बाप्पा, हे एवढं म्याच केलं का?" त्यानेच केलं होतं. अशा कामाला दोन खान्यांचं टेबल टाकावं आणि त्याच्या रेषा काढून टाकाव्यात. मग नायिकेचं नाव कितीही लांबलं तरी ते स्वतःच्या खान्यात लांबतं, दुसऱ्याच्या संसारात जात नाही. नवं पान हवं असेल तर कंट्रोल आणि एंटर, एकदाच.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्टाइल्स. एफ-११ दाबलं की त्यांची यादी बाजूला उघडते. बहुतेक लोक ती उघडल्याबरोबर चूक झाली समजून बंद करतात, आणि रायटरमधली, म्हणजे लिबरऑफिसच्या लिहिण्याच्या भागातली, सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. शीर्षकावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि १ दाबा, ते 'हेडिंग १' होतं. उपशीर्षकाला कंट्रोल आणि २. चाळीस पानी अहवालातली सगळी शीर्षकं मोठी करायचा हुकूम वरून आला, तर एक स्टाइल बदलायची आणि चहा प्यायला जायचं. वर 'इन्सर्ट'मधून अनुक्रमणिकाही आपोआप निघते, पान क्रमांकांसकट. एफ-५ दाबलं की नॅव्हिगेटर येतो, त्यात प्रकरणाचं नाव धरून वरखाली ओढलं की अख्खं प्रकरण मजकुरासकट जागा बदलतं. ग्रामसभेतले विषयही असे ओढून खाली टाकता आले असते तर किती सभा वेळेत संपल्या असत्या.

इथे मराठी माणसाला एक जादाचा अडथळा आहे आणि तो कोणीच समजावून सांगत नाही. लिबरऑफिस प्रत्येक मजकुरासाठी लिप्यांच्या गटांनुसार वेगवेगळे फॉन्ट मनात धरतं, त्यातले आपल्या कामाचे दोन. एक रोमन अक्षरांचा, दुसरा 'कॉम्प्लेक्स' म्हणजे आपल्या देवनागरीसारख्या लिप्यांचा. स्टाइलमध्ये जाऊन तुम्ही ऐटीत आकार १६ करता, इंग्रजी अक्षरं मोठी होतात आणि मराठी होती तिथेच राहते. माणूस म्हणतो, फुकटाचं आहे, एवढंच चालणार. अहो, तुम्ही दुसऱ्याच्याच ताटात वाढलंत. त्याच खिडकीत खाली किंवा शेजारी 'कॉम्प्लेक्स'चा वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार आहे, तो बदला. तो भाग दिसतच नसेल तर 'टूल्स'च्या 'ऑप्शन्स'मध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ला खूण करा आणि तिथेच मराठी निवडा. एवढं एकदा केलं की निम्म्या तक्रारी संपतात.

उरलेल्या निम्म्या छपाईच्या दुकानात सुरू होतात. गोंदियाला दुकानात पेन ड्राइव्ह दिला, फाइल उघडली आणि आपला सुंदर मजकूर वेगळ्याच फॉन्टमध्ये, ओळी तुटून, पान फुटून समोर आला, हा अनुभव ज्याला नाही त्याने नागऱ्यात संगणक वापरलेलाच नाही. दुकानदार म्हणतो फाइल खराब आहे, आपण म्हणतो संगणक खराब आहे. खराब कोणीच नसतं, आपला फॉन्ट त्याच्याकडे नसतो एवढंच. म्हणून छपाईला नेहमी पीडीएफ द्यावी. वरच्या पट्टीवर पीडीएफचं बटण आहे, एकदा दाबायचं. फॉन्ट पीडीएफच्या पोटातच जातो. जुन्या काळच्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या फाइलींचं दुखणं मात्र वेगळं. त्यांचा फॉन्ट काढला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा उरतो. नवं जे लिहायचं ते युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्टने किंवा ज्या पद्धतीने बोटं चालतील त्या पद्धतीने लिहा. व्हॉट्सॲपवरून मजकूर उचललात तर कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि व्ही असा चार बोटांचा नमस्कार करून चिकटवा, म्हणजे तिकडचे रंग आणि आकार येत नाहीत, नुसते शब्द येतात.

आता कॅल्क, म्हणजे लिबरऑफिसचा हिशोबाच्या तक्त्यांचा भाग. आमच्या घराघरांत धानाचे हिशोब असतात आणि धान कट्ट्यांत मोजतात. चाळीस किलोचा कट्टा. मेव्हण्यांनी मोठ्या हौसेने तक्ता केला आणि प्रत्येक खान्यात लिहिलं, '२२ कट्टे', '३५ कट्टे', 'अंदाजे ४०'. खाली बेरीज मागितली तर कॅल्कने शून्य दिलं. भाऊजी खवळले, "वर्षभर राबलो आन् हा शून्य सांगून रायला!" कॅल्कला आकडे कळतात, कट्टे कळत नाहीत आणि 'अंदाजे' तर मुळीच नाही. एकक वरच्या शीर्षकात लिहावं, खान्यात नुसता आकडा. खात्री करायची असेल तर कंट्रोल आणि एफ-८ दाबा. आकडे निळे होतात, सूत्रं हिरवी आणि ज्यांना कॅल्क नुसता मजकूर समजतोय ते काळे राहतात. भाऊजींचा अख्खा तक्ता काळा होता.

बँक खात्याचं उलटं आहे. तिथे आपल्याला आकडा नकोच असतो. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर कॅल्क ते शून्य निरुपयोगी समजून टाकून देतं. गणितात त्याचं बरोबर आहे, बँकेत नाही. क्रमांक पंधरा अंकांहून लांब असेल तर शेवटचे अंकही बदलू शकतात. म्हणून तो रकाना निवडून आधी 'टेक्स्ट' करावा आणि मगच भरावा. धानाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेल्यावर दोन घरांत जे सुरू होतं त्याला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये 'अनडू' नाही.

तारखांची गंमत आणखी वेगळी. प्रोग्राम अमेरिकन रिवाजावर बसवला गेला असेल तर तुम्ही ५/६ लिहिता आणि तो पाच जूनऐवजी सहा मे समजतो. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. तेराव्याला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून तो ती नोंद तारीख मानायचंच सोडून देतो. खान्यात तारीख उजवीकडे टेकली असेल तर तारीख आहे, डावीकडे गेली असेल तर नुसतं लिखाण आहे. 'ऑप्शन्स'मध्ये 'लोकेल' भारताचं करा, सुटेल.

लाइन जाण्याबद्दल नागऱ्यातल्या माणसाला मी काय सांगणार. 'लोड/सेव्ह'च्या पानावर ऑटोरिकव्हरीची मिनिटं कमी करा आणि बॅकअप प्रत ठेवायला खूण करा. बाकी महादेव आहे.

लग्नसराईत तर रायटर आणि कॅल्क या दोघांनाही कामाला लावता येतं. पाहुण्यांची यादी कॅल्कमध्ये, पत्रिकेचा मजकूर रायटरमध्ये, आणि 'टूल्स'मधल्या 'मेल मर्ज विझार्ड'ने दोघांची गाठ. प्रत्येक लिफाफ्यावर नाव, गाव, तालुका आपोआप. आमचे निम्मे पाहुणे पलीकडे बालाघाटकडे असतात, म्हणून राज्याचाही एक रकाना ठेवावा लागतो. कोणत्या जावयाचं नाव आधी आलं नाही म्हणून कोण रुसेल, हे मात्र विझार्डला समजत नाही. त्यासाठी घरातल्या म्हातारीला शेजारी बसवूनच यादी करावी.

या सगळ्यात लिबरऑफिस निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. वर्डमध्ये कोणी चौकटींत चौकटी घालून केलेला अर्ज इथे उघडला की एखादी चौकट घर सोडून जाते. मॅक्रो भरलेल्या एक्सेल फाइली पुष्कळदा अडतात. वरून आलेली फाइल भरून त्याच रूपात परत पाठवायची असेल तर पाठवण्याआधी एकदा वर्डमध्ये उघडून बघणारा मित्र हाताशी असावा. आपली स्वतःची फाइल लिबरऑफिसच्या मूळच्या ओडीटी किंवा ओडीएसमध्येच ठेवावी. हा ओपन डॉक्युमेंट नमुना २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, कोण्या एका कंपनीच्या मर्जीवर नाही. समोरच्याला नुसती बघायची असेल तर पीडीएफ, बदलायची असेल तर डॉकएक्स. पण घरचा हिशोब, शाळेचा अहवाल, बचत गटाची वही, नाटकाचं पत्रक, लग्नाची यादी यांच्यासाठी पैसे मोजून दुसरं काही घ्यायची गरज मला तरी दिसलेली नाही.

तर लिबरऑफिस डॉट ऑर्गवरूनच उतरवून घ्या, कोणाच्या पेन ड्राइव्हवरून नको. तिथे देणगीचा उल्लेख दिसेल, दचकू नका, सक्ती नाही. दिलीत तर उत्तमच. आणि पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे यायचं असेल तर दुपारी चारनंतर या, पण फाइलमधले जादाचे स्पेस घरीच पुसून या.