चिखलाचा दर काय?

मुलुंडमध्ये ज्याच्या खिडकीतून पिंपळाची एक फांदी दिसते, तो स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतो. आमच्या मेव्हण्यांना दोन दिसतात. शिवाय कर्जत तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे. सासरेबुवांनी शेती सोडल्यापासून तिथे घाणेरी, करवंदाच्या जाळ्या आणि दुसऱ्यांची गुरं सुखानं नांदताहेत.

"भाऊजी, इको-फ्रेंडली रिट्रीट काढतोय," एका रात्री त्यांनी जाहीर केलं. कागद तयारच होता. मातीच्या झोपड्या, चुलीवरचं जेवण, डिजिटल डिटॉक्स (तिथे मोबाइलला रेंज नाही, तीच त्यांनी विकायला काढली होती) आणि सगळ्यात वर, लाल शाईनं: 'भातलावणी, चिखलासह'. खरी मागणी चिखलालाच, असं त्यांचं म्हणणं. पोराच्या बुटाला चिखल लागला म्हणून घर डोक्यावर घेणारी आई शनिवार-रविवारी त्याच चिखलात पोराला लोळवायचे पैसे मोजते, हे मलाही मान्य करावं लागलं.

"आधी कुणाचं तरी चालतं शेत बघून या," मी म्हणालो. 'या'चं 'येऊ' कधी झालं ते कळलं नाही, पण आषाढातल्या एका रविवारी, मेगाब्लॉक लागायच्या आत, आम्ही दोघं कर्जत लोकलमध्ये होतो. मेव्हणे गमबुटात. एका ट्रेकर पोरानं आदरानं विचारलं, "काका, कुठला गड?" "सगुणा बाग," असं उत्तर ऐकल्यावर त्याचा आदर बदलापूरला उतरून गेला. तिथून पुढे डब्यातली गर्दी पातळ होते आणि खिडकीतले डोंगर जाड होतात.

नेरळला उतरलेल्यांचा लोंढा माथेरानच्या टॅक्स्यांकडे वळला. १९०७ पासूनची ती छोटी गाडी पावसाळ्यात नेरळहून घाट चढत नाही. आम्ही उलट्या बाजूची रिक्षा धरली.

अमेरिकेत शिकून परतलेल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८०च्या दशकात सगुणा बागेच्या शेतावर पाहुणे घ्यायला सुरुवात केली. तेव्हा एखादा घाटकोपरकर पैसे भरून शेतात राहायला निघाला असता, तर घरच्यांनी आधी डॉक्टर बोलावला असता. आता तळ्याकाठी मासे पकडायला रांग होती आणि म्हशीवर बसायलाही. मेव्हणे बसले. म्हशीनं एकदा मागे वळून गमबूट पाहिले, मोठा सुस्कारा सोडला आणि चालू लागली. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी असाच सुस्कारा सोडतात.

मग भाताचं शेत. मेव्हण्यांनी पँट दुमडली. "चिखल कुठाय?"

"चिखल नाय ओ आपल्याकडं," तिथला गडी म्हणाला.

सगुणा भात तंत्राचं हेच तर माहेर. गादीवाफे एकदा करायचे, मग दरवर्षी नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. लोखंडी साच्यानं भोकं पाडायची आणि बी थेट टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजतात, गांडुळांना खाऊ मिळतो आणि माती भुसभुशीत राहते. लावणीला वाकून वाकून मोडणाऱ्या कमरा वाचतात, मजूर मिळत नाहीत ही रडही कमी होते. गड्यानं वाफ्यात बोट खुपसलं. ते मुळापर्यंत सहज आत गेलं. "तुमच्या चिखलात असं जाईल, पण उन्हाळ्यात तिथं पहार लागंल."

मेव्हण्यांचा चेहरा पडला. "अहो, मग पाहुण्यांनी करायचं काय?"

"पाहुणे बघत्यात. शेती आम्ही करतो."

माझ्या मते संपूर्ण कृषी पर्यटनाचं मर्म या माणसानं चुना मळता मळता सांगून टाकलं. राज्य सरकारनंही २०२०मध्ये या व्यवसायासाठी धोरण आणलं. पण ते शेतकऱ्याच्या जोडधंद्यासाठी. जोडायला आधी धंदा हवा. आमच्याकडे नुसता जोड होता.

परतीच्या लोकलमध्ये अंबरनाथपर्यंत मेव्हणे गप्प होते. मग कागद निघाला. झोपड्या खोडल्या, डिटॉक्स खोडलं, चिखलावर बराच वेळ पेन घोटाळून तोही गेला. नव्यानं पहिलं काम लिहिलं: 'घाणेरी तोडणे'.

"शेती आधी, भाऊजी. पटलं मला."

"छान! आणि पाहुणे?"

"पहिली बॅच तुमची आणि ताईची. कोयते मी आणतो. डबा तेवढा आपापला आणा."