अठरा नंबरवाल्यांची वास्तुशांत

“काकू, वांगी भाजताय की काही जळतंय?”

“भाजतेय गं. चंपाषष्ठीला भरीत नको? आणि धुराचं मला काही सांगू नकोस. काल खारघरला जो धूर खाल्लाय, तो न्हाऊनसुद्धा केसांतून गेला नाही.”

“अठरा नंबरवाल्यांच्या मुलाची वास्तुशांत ना? पण सोमवारी कुठे ठेवतात हो, रविवार सोडून?”

“मुलाला रविवारच हवा होता. ऐरोलीच्या ऑफिसात रजेची मारामार. पण गुरुजींनी बोटांवर अग्नी मोजला. चतुर्थीचे चार, रविवारचा एक, वर आणखी एक मिळवायचा, झाले सहा. चाराने भागलं की उरतात दोन. दोन उरले की अग्नी पाताळात, एक उरला तर स्वर्गात. तीन उरले किंवा काहीच उरलं नाही, तरच तो पृथ्वीवर. पंचमीचे पाच, सोमवारचे दोन, वरचा एक, आठ. बाकी शून्य. काढली मग मुकाट्याने रजा.”

“अगं बाई! मग लग्नातल्या होमालासुद्धा असंच मोजतात?”

“छे, संस्कारांना आणि नित्याच्या होमाला नाही बघत. तसं बघत बसले तर निम्मी लग्नं पाताळातच अडकतील. बरं, अग्नी पृथ्वीवर आला खरा, पण ह्यांचं घर बाविसाव्या मजल्यावर! आणि छतात जागोजागी ते स्मोक डिटेक्टर. सोसायटीचा मॅनेजर म्हणाला, आधी अर्ज द्या. मग तुमच्या घरापुरते बंद करू, तेही तासभर, आणि आमचा माणूस सिलिंडर घेऊन दारात उभा राहील. राहिला की तो! सगळ्या फोटोंत यजमान, यजमानीण आणि मागे तो लाल नळकांडंवाला.”

“तासाभरात उरकलं?”

“उरकावंच लागलं. ग्रहांच्या आहुत्या एकशेआठ घालता येतात, अठ्ठावीस घालता येतात, आठसुद्धा चालतात. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि आठ म्हणाले. मला आवडलं ते. उगाच ओढूनताणून माणसं गुदमरवायची कशाला? तरी धूर झालाच. ज्वाला हलते म्हणून सुनेने बाल्कनीचं दार लावून घेतलं होतं, वर एसी चालू. सगळा धूर तिथल्या तिथे फिरतोय. अठरा नंबरवाले खोकून खोकून लाल. शेवटी मीच उठले आणि दार सताड उघडलं.”

“कुंड होतं की विटा?”

“विटा. मुलाने तांब्याचं कुंड मागवलं होतं, बोटभर उंच. गुरुजी म्हणाले, हे ह्या लादीवर ठेवलंत तर पूर्णाहुतीआधी लादी फुटल्याचा आवाज येईल. खाली पत्रा, त्यावर विटा, त्यावर जाड वाळू, असं स्थंडिल केलं. माणूस कामाचा. आला कसा माहितीय? बेलापूरहून मेट्रोने, दर्भाची जुडी पिशवीत घेऊन.”

“आणि समिधा?”

“आल्या होत्या पाकिटातून, घरपोच. सूर्याची रुई, चंद्राचा पळस, मंगळाचा खैर, बुधाचा आघाडा, गुरूचा पिंपळ, शुक्राचा उंबर, शनीची शमी, राहूच्या दूर्वा, केतूचे दर्भ. प्रत्येक पुडीवर नाव छापलेलं, आत मात्र सगळ्या काड्या सारख्याच. मला तर सगळा आंबा वाटला. अगं, आघाडा आपल्या गटाराकडेला माजलाय, रुई रुळांच्या कुंपणाशी. मागितलं असतं तर मी नसता का दिला?”

“सुनेला म्हणे बाई पुरोहित हवी होती.”

“हवी होती, पण सासूने नाक मुरडलं. त्यात नवं काय आहे सांग. पुण्यात थत्तेमामांनी उद्यान कार्यालयात बायकांना शिकवायला घेतलं, त्या बायका आता आज्या झाल्या.”

“आम्हा आगऱ्यांत तर धवलारीण होतीच की! माझ्या आजीचं लग्न करावे गावात धवलारणीनेच लावलं. तिचे धवले चालले की विधी चालले. तिच्या शब्दापुढे कोणाचं चालायचं नाही.”

“बघ! हे त्या सासूला सांग एकदा. बरं, खरी गंमत पुढेच. वास्तुपुरुषाची सोन्याची प्रतिमा आग्नेयेला पुरायची ना, पालथी. सप्तधान्य, पंचरत्न, शेवाळ, सगळं डबीत घालून तयार. आता बाविसाव्यावर खणणार कुठे? लादी उचकटली तर खाली एकविसाव्यावाल्यांचं छत. बिल्डरचं पत्रच होतं, तोडफोड केलीत तर गळतीची जबाबदारी आमची नाही. शेवटी ओट्याखालच्या कोपऱ्यात कोनाडा करून डबी सिमेंटने बंद केली. मनात म्हटलं, आपलं नेरूळचं रो-हाऊस लहान असेल, पण आमचा वास्तुपुरुष मातीत आहे. जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, तो मात्र कायमचा.”

“सिडकोची काय, काकू? त्याआधी इथे आमच्या आजोबांची भातशेती होती. तुमचा वास्तुपुरुष आमच्या बांधावर झोपलाय.”

“मग भाडं माग त्याच्याकडे!”

“जमिनीच्या बदल्यातला सिडकोचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड अजून पुरता मिळालेला नाही, त्याच्याकडे कुठे मागू? आमच्याकडे घर बांधताना पहिला नारळ गावदेवीला. तिच्या हद्दीत राहायचं तर तिला विचारून. ह्यांनी खारघरच्या गावदेवीला विचारलं का?”

“तिला कोण विचारतंय! क्षेत्रपालाला बळी मात्र दिला. दहीभात, त्यावर उडीद, कुंकू, पेटता दिवा. तो घराबाहेर नेऊन चौकात ठेवायचा आणि मागे वळून न बघता यायचं. मुलगा निघाला पत्रावळ घेऊन, तर लिफ्टमध्ये दिवा नेऊ देईनात. विझवला. खाली गेटवर वॉचमन म्हणाला, कॅमेरा आहे, इथे काही ठेवायचं नाही. मग मेट्रोच्या खांबापाशी ठेवून आला.”

“मागे वळून नाही ना बघितलं?”

“त्याने नाही. मी वरून बघितलं. दोन कुत्री लागलीच आली, दहीभात फस्त, उडीद तेवढे राहिले. तुझं काय, तुम्ही भाड्याची खोली घेताय ना सानपाड्याला?”

“हो, नणंदेसाठी. तिथे होम नकोच म्हणतात मालक.”

“मग उदकशांत करा. पाण्याचा कलश, यजुर्वेदाचे मंत्र, नंतर ते पाणी घरभर शिंपडायचं. अग्नीच नाही, म्हणजे बोटांवर मोजणंही नाही. रविवारीसुद्धा चालेल. त्याच गुरुजींना विचारते मी. थांब, वांगं फुटलं वाटतं.”