कागदावर ठणठणीत
14 मार्च 2019 रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला, माणसं गेली. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटने किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरण्याजोगा ठरवला होता; स्लॅबला तेवढं कळवायचं राहिलं. ऑडिटरला अटक झाली. म्हणजे कायदा आहे की! आहे, पण तो पंचनाम्यानंतर जागा होतो. वास्तुविशारदाची नोंदणी रद्द करता येते, त्यासाठी 1972 चा कायदा आहे; स्थापत्य अभियंत्यासाठी देशभर लागू असा कायदाच नाही. महापालिकेचा परवाना असतो म्हणा, पण त्या महापालिकेच्या हद्दीपुरता. आता ऑडिटर म्हणेल, गंज काँक्रीटच्या पोटातल्या सळ्यांना, तो डोळ्यांना कसा दिसणार; हा बचाव वरकरणी रास्त. मात्र हाफ-सेल पोटेन्शियल चाचणी त्यासाठीच असते, आणि ‘आतलं तपासलेलं नाही’ एवढं अहवालात लिहायला कोण हात धरतं?